मोहाखालची बैठक आणि शहरातील परमिट रूम

मोठ्या शहरात राहणाऱ्या गृहस्थाला त्याचा पत्ता विचारला, तर तो रस्ता, इमारत आणि मजला सांगतो. परंतु सायंकाळी तो हटकून कोठे भेटेल असे विचारले, तर बहुधा एखाद्या खाणावळीचे किंवा चहाच्या दुकानाचे नाव निघते. मुंबईच्या नाक्यानाक्यावरील इराण्यांची हॉटेले, दादर-गिरगावकडील मराठी उपाहारगृहे, पुण्याच्या पेठांतील अमृततुल्ये ही केवळ क्षुधाशांतीची स्थाने नव्हेत. घरात जे बोलता येत नाही आणि कचेरीत जे बोलावयाचे नसते, ते बोलण्यासाठी माणसाला एक तिसरी जागा लागते, आणि ती त्याला तेथे सापडते. इंग्लंडात अशा जागेला 'पब' म्हणतात. हा 'पब्लिक हाउस' ह्या शब्दाचा संक्षेप होय. सार्वजनिक घर, हा त्याचा सरळ अर्थ. गोव्यातील खेड्यात हेच काम गावची ताव्हेर्न करते आणि तेथे काजूची फेणी मिळते. त्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांकाचे कायदेशीर संरक्षणही लाभले.

अशी जागा महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या अरण्यमय जिल्ह्यांत कोठे शोधावी, हा आजच्या भाषणाचा विषय. वरवर पाहता तो रुचीचा, किंबहुना चैनीचा विषय वाटेल. परंतु ह्या दोन जिल्ह्यांत तो तसा राहिलेला नाही. ह्यांपैकी गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. आणि दोन्ही जिल्ह्यांच्या रानांत मोहाचे झाड त्याआधी कित्येक शतके उभे आहे. पेला कोणी भरावा, कोठे भरावा, आणि तो भरू नये असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा, ह्या तीन प्रश्नांवर येथील बायाबापड्यांनी मैलोगणती पायपीट केली आहे. म्हणून येथील 'आवडत्या ठिकाणां'ची हकीकत थोडी सविस्तर ऐकण्याजोगी आहे.

प्रथम चंद्रपूर शहरच पाहू. इरई आणि झरपट ह्या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले हे गोंड राजांचे जुने राजधानीचे गाव. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे त्याच्या परकोटाचे चार दरवाजे अद्याप उभे आहेत, आणि शहरातील माणूस आजही रस्ता सांगताना त्यांचीच नावे घेतो. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून आणि तेलंगणातून भाविकांचे तांडे येतात. यात्रा आटोपली की शहर पुन्हा आपल्या कोळशाच्या खाणींकडे आणि औष्णिक वीज केंद्राकडे वळते. खाणीतील पाळी सुटते ती दिवसाच्या वेळीच सुटते असे नाही. पहाटे सुटते, रात्रीही सुटते. त्यामुळे येथील खाण्याच्या जागांचे घड्याळ इतर शहरांहून निराळे चालते.

पहाटेच्या पाळीचा मजूर प्रथम पोह्यांच्या गाडीपाशी थांबतो. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओतलेला असतो. त्याला ह्या बाजूला 'तर्री' म्हणतात. "का जी भाऊ, तर्री जरा जास्त टाका," हे वाक्य चंद्रपुरात इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याला शहराचे अभिवादन म्हणावयास हरकत नाही. हिवाळ्यात सांबारवडी निघते. पुण्या-मुंबईच्या माणसाला ह्या नावाने दक्षिणेकडील सांबार आठवावा आणि त्याचा गोंधळ उडावा, हे साहजिक आहे. परंतु विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. रात्री सावजीच्या भोजनालयांत गर्दी होते. सावजी ही मूळची नागपुरातील विणकर हलबा कोष्ट्यांच्या घरची स्वयंपाकाची रीत. तिच्यातील मसाल्याचा काळेपणा आणि तेलाचा तवंग पाहून परगावचा पाहुणा दचकतो, आणि खाल्ल्यावर पाणी मागतो. पूर्वेकडे वैनगंगेच्या खोऱ्यात शिरले की भाकरी मागे पडते आणि ताटात भात येतो. जुन्या मालगुजारी तलावांतील मासळी आणि झिंगे त्या भातासोबत असतात. आणि जेवण कोठेही झालेले असो, त्याचा शेवट पानठेल्यावर होतो. दुर्दैवाने तेथे पानापेक्षा खर्राच अधिक खपतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घालून हाताने घोटलेले हे मिश्रण आहे. ठेल्याभोवती उभी असणारी मंडळी ही त्या गल्लीची खरी संसद होय. मात्र तिच्यातील सभासदांचे दात आणि गाल त्या सभासदत्वाची किंमत मोजीत असतात.

ह्या सर्व जागांच्या पलीकडे ज्या पाटीवर परमिट रूम असे लिहिलेले असते, ती जागा येते. महाराष्ट्रात हे नाव इतके सरावाचे झाले आहे की त्यातील विनोद कोणाच्या लक्षात येत नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्यपान हा नियम म्हणून निषिद्ध ठरविला आणि ज्याला ते करावयाचे असेल त्याने सरकारी परवाना, म्हणजे परमिट, घ्यावे अशी तजवीज ठेवली. पुढे १९६० च्या दशकात बंदी सैल झाली, दुकाने उघडली. परंतु कायद्याचा सांगाडा तोच राहिला. आजही कागदोपत्री पिणाऱ्याजवळ परवाना असावयास हवा. म्हणजे जे कायद्याने अपवाद म्हणून सोडले होते, त्याच अपवादाची पाटी आता रस्त्यावर दिव्यांनी झळकते. ज्या दुकानाला 'वाइन शॉप' म्हणतात, तेथे द्राक्षाची वाइन क्वचितच कोणी मागतो. नाशिककडील द्राक्षमळ्यांची बाटली त्या फळीवर असलीच, तर ती धुळीने माखलेली असावयाची. मजुराची वाट देशी दारूच्या दुकानाकडे, कारकुनाची परमिट रूमकडे. कुटुंबवत्सल गृहस्थांसाठी लाकडी पडद्यामागे एक 'फॅमिली रूम' राखलेली असते. ती बहुधा रिकामी असते. सार्वजनिक घर म्हणावे तर त्या घरात गावातील निम्मी माणसे, म्हणजे स्त्रिया, कधी शिरत नाहीत, ही गोष्ट येथेच नोंदून ठेवावयास हवी. पुढील साऱ्या कथेचे मूळ तिच्यात आहे.

आता शहर सोडून रानात जावयाचे. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. १९८२ साली जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून तो निराळा काढण्यात आला. त्याचा बहुतांश भाग जंगलाखाली आहे, आणि त्यात गोंड व माडिया गोंड ह्यांची वस्ती आहे. धानोरा, एटापल्ली, भामरागड ह्या तालुक्यांत खेडी लहान आणि लांब लांब. तेथे परमिट रूमची पाटी नाही. परंतु बैठकीची जागा नाही असे मात्र नव्हे. ती जागा मोहाच्या झाडाखाली, गोटुलाच्या अंगणात, किंवा लग्नघराच्या मांडवात असते.

मोहाचे झाड फुलते ते फाल्गुन-चैत्रात, पानगळ झाल्यावर. फूल पिवळसर पांढरे, मांसल आणि गोड. ते झाडावरून तोडावे लागत नाही, पहाटेच्या अंधारात आपोआप टपटप गळते. म्हणून घरातील बायका, मुले आणि म्हातारी माणसे तांबडे फुटण्यापूर्वीच टोपल्या घेऊन निघतात. काही ठिकाणी फूल नीट दिसावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, आणि त्यातून कधी कधी वणवा पेटतो. अस्वलाला हे फूल माणसाइतकेच प्रिय. चंद्रपूर जिल्ह्यात त्याच वाटांवरून वाघही फिरतो. मोहफुले वेचावयास गेलेली माणसे त्यांच्या तावडीत सापडल्याच्या बातम्या उन्हाळ्यात तेथील वृत्तपत्रांत येतात. तेव्हा शहरातील दुकानात बाटली विकत घेणे आणि रानात टोपली भरणे ह्यांत काय अंतर आहे, ते सांगावयास नको.

वेचलेली फुले अंगणात वाळवितात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास नुसती साखर असते. ती भाजून खातात, पिठात मिसळून भाकरीत घालतात, गुरांनाही चारतात; आणि धान्य संपलेल्या दिवसांत ह्या फुलांनी कित्येक घरांची चूल पेटती ठेवली आहे. पुढे त्याच झाडाला फळ येते आणि त्याच्या बीचे तेल निघते. दारू हा मोहाचा अनेकांपैकी एक उपयोग आहे. शहराला मात्र तेवढाच ठाऊक असतो. तिची रीत साधी आहे. फुले पाण्यात काही दिवस भिजत घालून आंबवितात. ह्या आंबलेल्या द्रवाला 'मोहसडवा' म्हणतात. तो मडक्यात घालून चुलीवर चढवितात. वाफ नळीवाटे दुसऱ्या भांड्यात नेऊन गार पाण्याने थंड करतात, आणि थेंब थेंब अर्क जमतो. दक्षिणेकडे सिरोंच्याच्या बाजूला ताडी मिळते. भामरागडच्या रानात गोरगा नावाच्या झाडाचा रस काढतात. त्यालाच पलीकडे बस्तरात सल्फी म्हणतात.

ह्या पेयांचे समाजातील स्थान नीट समजून घेतले पाहिजे. देवाला प्रथम चार थेंब भूमीवर सांडल्याशिवाय पेला ओठाला लावावयाचा नाही. सोयरीक ठरविताना, लग्नात, पितरांच्या कार्यात मोह लागतो. तेथे तो नैवेद्य आहे. पिणे ऋतूशी, सणाशी आणि मंडळीशी बांधलेले असते. एकट्याने कोपऱ्यात बसून रोज पिण्याची ती रीत नव्हे. जे घरी गाळावयाचे, ते गाळण्याला कष्ट पडतात आणि मर्यादाही पडते. पाने शिवून केलेल्या द्रोणात जे दिले जाते, त्याचा हिशेब पैशांत होत नाही. अर्थात् ह्या वर्णनावरून रानात कोणी मद्यपी नव्हताच, असा सोयीस्कर निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. मद्य ते मद्यच; त्याने देवाचे नाव ऐकून आपला गुण सोडलेला नाही. भेद आहे तो एवढाच की, तेथे पिण्याभोवती समाजाचे कुंपण होते.

हे कुंपण मोडले ते महसुलाने. इंग्रजी अमलात चांदा जिल्हा मध्यप्रांतात होता. सरकारने दारू गाळण्याचा आणि विकण्याचा अधिकार आपल्या हाती घेतला. कोठे सरकारी भट्टी घातली, कोठे गावोगावच्या भट्ट्यांचा लिलाव केला. ज्याने अधिक बोली लावली त्याला आपले पैसे वसूल करावयाचे असल्यामुळे अधिक खप व्हावा हे त्याच्या हिताचे ठरले; आणि ज्या बाईने आपल्या अंगणातील फुले आपल्या मडक्यात शिजविली, ती गुन्हेगार ठरली. मुंबई इलाख्यात तर १८९२ साली खास मोहाचाच कायदा झाला, आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले बाळगण्यावर निर्बंध आले. फुलावर पहारा आणि दुकानाला परवाना, ही राजनीती राज्य बदलल्यावरही पुष्कळ काळ चालू राहिली. महाराष्ट्रात मोहफुले गोळा करण्यावरचे, साठविण्यावरचे आणि त्यांच्या वाहतुकीवरचे निर्बंध उठले ते २०२१ साली.

दुकान आल्यावर काय होते, हे गडचिरोलीच्या स्त्रियांनी कोणत्याही ग्रंथापेक्षा चांगले पाहिले होते. पेयाचा ऋतू नाहीसा झाला आणि ते बारमाही झाले. तेंदूपत्त्याची मजुरी हाती आली की ती घरी पोहोचण्यापूर्वी वाटेवरील दुकानात रिकामी होऊ लागली. ज्या समाजात पूर्वी पाहुण्याला द्रोण भरून दिला जाई, त्याच समाजात आता गडी उधारीच्या वहीत अंगठा उठवू लागला. डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग ह्यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था स्थापन केली. त्यांनी आरोग्याच्या प्रश्नांविषयी लोकांना विचारले असता, ज्याला औषध दवाखान्यात मिळत नाही असा एक विकार वारंवार पुढे आला. तो दारूचा. गावोगाव सभा झाल्या, ठराव झाले, स्त्रिया दुकानांसमोर बसल्या. सुमारे सहा वर्षांच्या ह्या चळवळीनंतर १९९३ साली शासनाने जिल्ह्यात दारूबंदी जाहीर केली. गांधीजींच्या वास्तव्यामुळे वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून बंदी होती; परंतु गडचिरोलीची बंदी एखाद्या थोर पुरुषाच्या स्मृतीप्रीत्यर्थ आलेली नव्हती. ती लोकांनी मागून घेतलेली होती.

बंदी म्हणजे दारूचा अंत नव्हे, हे तेथील लोकांना कोणी सांगावयास नको होते. परवान्याची दुकाने गेली, चोरटी विक्री राहिली. गूळ आणि नवसागर घालून झटपट काढलेली हातभट्टीची दारू जुन्या मोहाच्या नावावर खपू लागली. म्हणून २०१६ च्या सुमारास शासन, सर्च आणि टाटा ट्रस्ट ह्यांनी मिळून 'मुक्तिपथ' नावाचा उपक्रम हाती घेतला. त्याच्या गाव संघटनांतील स्त्रिया रानात लपविलेला विक्रीचा मोहसडवा शोधून काढतात आणि ओतून देतात. दारूबरोबर खर्ऱ्याविरुद्धही त्यांनी मोहीम धरली आहे. कायदा एकदा झाला म्हणजे काम संपत नाही, तो रोज नव्याने पाळावा लागतो, हे ह्या स्त्रियांना तीन दशकांच्या अनुभवाने उमगले आहे.

गडचिरोलीचे उदाहरण नदीच्या अलीकडच्या तीरावरून चंद्रपूरच्या स्त्रिया पाहात होत्याच. २०१० च्या डिसेंबरात श्रमिक एल्गार ह्या संघटनेच्या पारोमिता गोस्वामी ह्यांच्या नेतृत्वाखाली चिमूरहून नागपूरपर्यंत, विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर, हजारो स्त्रियांचा पायी मोर्चा गेला. चिमूर हे १९४२ च्या उठावाने इतिहासात गेलेले गाव. त्याच गावातून ह्या खेपेस निघालेल्या स्त्रियांचे मागणे एकच होते, जिल्ह्यातील दारू बंद करा. समिती नेमली गेली, अहवाल झाला, आंदोलने पुन्हा झाली. शेवटी २०१५ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यातील परमिट रूम, बिअर बार आणि देशी दुकाने बंद झाली. सुधीर मुनगंटीवार हे तेव्हा जिल्ह्याचे पालकमंत्री व राज्याचे अर्थमंत्री होते. ज्या खात्याला मद्याच्या कराचा पैसा मिळावयाचा, त्याच खात्याच्या मंत्र्याने ही बंदी आणली, हा योग दुर्मिळच म्हणावा लागेल.

त्यानंतरची सहा वर्षे ही ह्या विषयाची खरी परीक्षा होती. बारांच्या पाट्या उतरल्या. काही मालकांनी त्याच टेबलांवर जेवणाची थाळी मांडून पाहिली. वेटर, आचारी, बाटल्या धुणारी पोरे ह्यांच्या हातचे काम गेले, ही गोष्ट बंदीच्या कट्टर समर्थकानेही विसरता कामा नये. दुसऱ्या बाजूने, संध्याकाळी रस्त्यावरून निर्धास्त चालता येते असे सांगणाऱ्या स्त्रियाही होत्या. परंतु नकाशा पाहा. चंद्रपूरच्या एका बाजूला बंदीचा गडचिरोली आणि बंदीचाच वर्धा. पण वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्ह्यातील वणी, उत्तरेला नागपूर, दक्षिणेला तेलंगण. ह्या तिन्ही दिशांना दुकाने उघडी होती. दारू तेथून चोरवाटांनी आली, दामदुपटीने विकली गेली. ती वाहून आणण्यासाठी पोरासोरांना आणि निराधार स्त्रियांना पुढे करण्यात आले, ही त्यातील सर्वांत खेदाची बाब. रमानाथ झा ह्या सेवानिवृत्त सनदी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील समितीने बंदीच्या परिणामांचा विचार केला. अवैध विक्री, गुन्हेगारी आणि बुडालेला महसूल ह्यांचा दाखला देऊन मंत्रिमंडळाने २७ मे २०२१ रोजी बंदी उठविली आणि जुलैमध्ये दुकाने पुन्हा उघडली.

त्या दिवशी शहरात दोन दृश्ये दिसली असतील, असे सहज समजता येते. एकीकडे कुलूप काढून, टेबले पुसून, दिवे लावणारा मालक आणि कामावर परतलेला वेटर; दुसरीकडे चिमूरहून नागपूरपर्यंत चालत गेलेली आणि आता आपल्या ओट्यावर गप्प बसलेली बाई. ह्या दोघांपैकी एकालाच खरे मानून दुसऱ्याला खोटे पाडणे सोपे आहे. परंतु त्याने प्रश्न सुटत नाही. बंदी फसली असे म्हणणाऱ्याला हे विचारावयास हवे की, ती मागणाऱ्या स्त्रियांचे दुःखही तिच्याबरोबर फसवे ठरले काय? आणि बंदी हवीच असे म्हणणाऱ्याला हे विचारावयास हवे की, चोरट्या दारूच्या ओझ्याखाली जी पोरे वाकली, त्यांचा जमाखर्च कोणत्या वहीत मांडावयाचा?

ह्या दोन टोकांच्या मध्ये कायद्याने दोन पाऊलवाटा ठेवलेल्या आहेत, आणि त्यांचा परिचय शहरी श्रोत्यांना सहसा नसतो. पहिली वाट मतपेटीची. महाराष्ट्रात २००८ च्या आदेशानुसार गावातील किंवा प्रभागातील स्त्री-मतदारांपैकी पाव हिश्शाने मागणी केली, तर तेथील दारूच्या दुकानाविषयी गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले, तर दुकान बंद होते. जी निरक्षर आहे तिलाही ही निशाणी कळते. ज्या घरात तिला शब्द उच्चारण्याची सोय नसते, त्या घरातील तिचे मत त्या आडोशाआड मुकाट्याने पडते. अट अवघड आहे. कारण मतदानाला न आलेली प्रत्येक स्त्री ही उभ्या बाटलीचीच पाठराखण करते. तरीही महाराष्ट्रात ठिकठिकाणी बाटली आडवी झालेली आहे.

दुसरी वाट ग्रामसभेची. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना मादक पदार्थांची विक्री आणि सेवन ह्यांवर बंदी घालण्याचा अथवा नियमन करण्याचा अधिकार दिला, आणि महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. 'नियमन' हा शब्द येथे महत्त्वाचा. घरी देवकार्यापुरता मोह आणि दुकानात नफ्यासाठी दारू, ह्यांत भेद करावयाची मुभा गावाला त्या शब्दाने मिळते. हा भेद मंत्रालयातून करता येत नाही, पोलीस ठाण्यातून तर नाहीच. तो ज्याला शेजाऱ्याचे घर ठाऊक आहे त्यालाच करता येतो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावाने कायद्याची वाट न पाहता, सर्वसंमतीने निर्णय घेण्याची शिस्त कित्येक वर्षांपूर्वीच आपल्यापुरती लावून घेतली, आणि दारूचा प्रश्न हा त्या शिस्तीच्या आरंभीच्या कसोट्यांपैकी एक होता. ज्या गावाला २००९ साली आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला, ते गाव त्यापूर्वी आपल्या पेल्यावरचा हक्क बजावीत होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

इकडे शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला 'वारसा मद्य' म्हणून प्रतिष्ठा देऊन, आदिवासी गटांना ती गाळण्याची व विकण्याची वाट मोकळी केली आहे. उद्या एखाद्या मोठ्या शहरातील दिमाखदार मद्यगृहात, गोव्याच्या फेणीशेजारी, मोहाची सुबक बाटली दिसली तर नवल नाही. ज्यांनी पहाटे अस्वलाच्या भयाने टोपली भरली, त्यांच्या पदरात त्यातून चार पैसे पडत असतील, तर त्याचे स्वागतच करावयास हवे. मात्र फुलाचा मान वाढला आणि वेचणारीचा वाढला नाही, असे होऊ नये. शहराच्या फळीवर पोहोचलेल्या वस्तूंची हकीकत पुष्कळदा तशीच घडत आलेली आहे.

आता आरंभी काढलेल्या प्रश्नाकडे परत यावयाचे. माणसाला घराबाहेर एक बसण्याची जागा हवी, ही गरज खरी आहे. पुण्याच्या अमृततुल्यात ती चहाने भागते, चंद्रपूरच्या गाडीवर तर्री-पोह्यांनी भागते, भामरागडच्या रानात द्रोणाने भागते. पेय कोणते, हा त्यातील दुय्यम भाग. मुख्य भाग हा की, ज्या जागेला आपण शेजारची म्हणतो, तिच्यात शेजाऱ्यांचा काही शब्द चालतो काय? गोटुलाच्या अंगणात तो चालत असे. किती, केव्हा आणि कोणासाठी हे मंडळी ठरवीत. परमिट रूममध्ये फक्त गिऱ्हाइकाचा शब्द चालतो, आणि गिऱ्हाईक सोडून उरलेले सारे, म्हणजे त्याची बायको, त्याची मुले, भिंतीपलीकडची शेजारीण, ह्यांना बिल तेवढे मिळते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या स्त्रियांनी इतकी वर्षे जे मागितले, त्याला दारूबंदी असे एकच नाव मिळाले; परंतु त्या मागण्याच्या तळाशी पाहिले तर तेथे हा साधा हक्क सापडतो, आपल्या दाराशेजारी काय उघडावे हे विचारले जाण्याचा.

पुढील चैत्रात मोह पुन्हा गळेल. पहाटेच्या अंधारात टोपल्या पुन्हा भरतील. त्या फुलांची भाकरी व्हावयाची, नैवेद्य व्हावयाचा, की आणखी काही, हा निर्णय टोपली डोक्यावर घेतलेल्या बाईच्या हाती जेवढा राहील, तेवढी त्या रानातील बैठक निरोगी राहील. शहरातील आपापल्या आवडत्या टेबलापाशी बसणाऱ्या मंडळींनीही आपल्या शेजारणीला एकदा तोच प्रश्न विचारून पाहावयास हरकत नाही.